बेचाळिसाव्या वर्षी पहिला ट्रेक : खरं खरं सांगा, काय काय होतं?

रानजाई · २१ सप्टेंबर, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच.

वय ४२, राहायला चिंचवड, काम दिवसभर खुर्चीतलं. लेक आठवीत आहे. शाळेच्या सहलीत ती लोहगड पाहून आली आणि त्या दिवसापासून "आई, आपण दोघी कधी जायचं?" हे सुरू आहे. तिच्या वयाची असताना मलाही फार जावंसं वाटायचं. घरून सोडलं नाही, पुढे राहूनच गेलं. आता जायचंच आहे.

ऑफिसमधला एक गट दिवाळीनंतर कळसूबाईला निघालाय, त्यांनी मलाही बोलावलंय. होकार देण्याआधी विचारते. पहिल्या दिवशी शरीराचं काय होतं? दम किती लागतो आणि कुठवर लागला तर ठीक? मागे पडलं तर लोक थांबतात का? बायकांनी आडोशाचं काय करायचं, आणि नेमकी त्याच दिवशी पाळी आली तर? "काही होत नाही, बिनधास्त चला" असं सगळे म्हणतात. त्याने माझी भीती जात नाही, कारण काय होतं हेच कुणी सांगत नाही.

घाटवाट · २१ सप्टेंबर, रात्री ११.४०

रानजाई, प्रश्न अगदी योग्य विचारलेत. सव्वीस वर्षं सह्याद्रीत चालतोय, त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिली वीस मिनिटं सगळ्यात वाईट जातात. गाडीतून उतरून थेट चढाला लागलं की छाती धडधडते, कानात ठोके ऐकू येतात, घाम डोळ्यांत उतरतो. नवीन माणसाला वाटतं, सुरुवातीलाच हे असं, तर वर काय होणार? बरेच जण इथेच मनातून हरतात. पण शरीर अजून तापलेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. वीस-पंचवीस मिनिटांनी श्वासाला लय सापडते आणि तोच चढ सोसवतो. म्हणून सुरुवात मुद्दाम, अगदी लाज वाटेल इतकी हळू करा. चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघत राहा. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. दर पाच मिनिटांनी बसू नका. त्यापेक्षा पावलं लहान करा, पण चालत्या राहा.

आता कळसूबाई. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. बारी गावातून चढायचं म्हणजे साधारण नऊशे मीटरची चढाई, वाटेत लोखंडी शिड्या. शिड्या भक्कम आहेत, वाट रुळलेली आहे, तरी पहिल्या ट्रेकसाठी मी ते सुचवणार नाही. नऊशे मीटर म्हणजे इमारतीचे तीनशे मजले, आणि तेवढेच परत उतरायचे. गटातले बाकीचे सरावलेले असतील तर तुमचा सगळा दिवस त्यांची पाठ बघण्यात जाईल.

लोहगडालाच जा. मळवली स्टेशनपासून चालत गेलात तर चढाई चारशे मीटरच्या आसपास, पुढे दगडी पायऱ्या, वाट चुकायला जागा नाही. वेळेचा अंदाज बांधायला एक जुना नियम आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. मळवलीहून गडापर्यंत सहा-सात किलोमीटर धरले तर उत्तर येतं दोन तास. हे सरावलेल्या माणसाचं झालं. नवख्याने दीडपट ते दुप्पट धरावं, शिवाय बसण्या-बघण्याचा वेळ वेगळा. आणि उतरायला चढण्याच्या निम्मा वेळ लागेल असं अजिबात गृहीत धरू नका. पहिल्या ट्रेकला बहुतेकांना उतरताना जवळजवळ तेवढाच वेळ लागतो.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गड माणूस छातीने चढतो आणि गुडघ्यांनी उतरतो. मी पाहिलेल्या अपघातांपैकी बहुतेक उतरताना झाले, दुपारी तीननंतर, पाय थकलेले आणि मन एसटीच्या वेळेत अडकलेलं असताना. नवीन माणूस सगळी तयारी चढाची करतो.

फिजिओ_मिरज · २२ सप्टेंबर, सकाळी ८.०५

घाटवाट यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना त्याला लांबत लांबत वजन पेलावं लागतं, दर पावलाला ब्रेक लावल्यासारखं. रोजच्या सपाट चालण्यात त्याला ही सवय होतच नाही. म्हणून उतरणीच्या मध्यावर पाय लटपटायला लागतात. तो अशक्तपणा नाही, स्नायू नवखे आहेत. दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि पुष्कळदा तिसऱ्या दिवशी जास्त असतं. जिना उतरताना कठड्याला धरावं लागेल, खुर्चीत बसताना 'आई गं' निघेल. चार-पाच दिवसांत आपोआप जातं. हलकं चालत राहा, पडून राहू नका. एकाच जागी, सांध्याच्या आत टोचल्यासारखं दुखत असेल किंवा गुडघ्याला सूज असेल तर मात्र दाखवून घ्या.

तयारीला सहा-आठ आठवडे पुरेत. तुमच्याकडे जिना आहे ना? चढायला लिफ्ट घेतलीत तरी चालेल, पण उतरायचं रोज पायांनी. पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्यांची सॅक, पाऊल अलगद टेकवायचं, धप्प नाही. आठवड्यातून एकदा टेकडी. पुण्यात तर काय, वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीच्या १०३ पायऱ्या. शेवटच्या दोन आठवड्यांत एकदा आतकरवाडीतून सिंहगड. तो जवळपास सहाशे मीटरचा चढ आहे, पूर्ण होईलच असं नाही. अर्ध्यातून परत आलात तरी लोहगडाची तयारी झाली.

आणि चाळिशी ओलांडली आहे, तर आधी रक्तदाब आणि साखर एकदा तपासा. दम लागणं ठीक. छातीत दडपण, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणं, थंड घाम, डोळ्यांसमोर अंधारी यांतलं काहीही ठीक नाही. तिथल्या तिथे थांबायचं, सोबतच्याला सांगायचं, वर जायचं नाही.

मोगरा७ · २२ सप्टेंबर, दुपारी १.३०

ताई, मागे पडलं तर लोक थांबतात का, याचं उत्तर गटावर आहे. माझा पहिला ट्रेक पैसे भरून एका संस्थेबरोबर होता. साठ माणसं आणि सोबत दोन मुलगे, दोघेही वयाने विशीतले. दोघेही पुढे. उतरताना माझे पाय गेले, मी आणि आणखी एक बाई मागे राहिलो. डिसेंबर होता, सहाच्या सुमाराला सूर्य गेला आणि साडेसहाला पुढचं पाऊल दिसेना. विजेरी नव्हती. मोबाइल दिवसभर फोटो काढून संपलेला. एक गुराखी काका गुरं घेऊन परतत होते, त्यांनी गावापर्यंत आणून सोडलं. बसमध्ये चढेपर्यंत आमची मोजदाद झालेली नव्हती.

त्यानंतर मी पैसे भरण्याआधी फोन करून विचारते. किती माणसांमागे किती जण? सगळ्यांच्या मागून चालणारा कोण, त्याचं नाव काय? परत फिरायची वेळ ठरलेली आहे का? आणि कुणाचा पाय मुरगळला तर काय करता? जो नीट उत्तर देत नाही त्याच्याबरोबर जात नाही. आता ज्यांच्याबरोबर जाते ते पंधराच्या वर माणसं घेत नाहीत आणि शेपटाला त्यांचा सर्वांत अनुभवी माणूस असतो.

आडोशाचं. पायथ्याच्या गावात जिथे नाश्ता करता तिथेच घरातल्या बाईला विचारा. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही, पैसे आपणहून द्यावेत. वर गेल्यावर मैत्रिणीला सांगून वाटेपासून बाजूला जायचं, पण कड्याच्या टोकाला आणि उंच गवतात नाही. टाकं, झरा, ओढा यांच्यापासून निदान साठ-सत्तर पावलं लांब. लागलंच तर वीतभर खड्डा करून माती लोटायची. कागद, पॅड काहीही मागे सोडायचं नाही. मी वर्तमानपत्र आणि दोन झिपच्या पिशव्या ठेवते, सगळं गुंडाळून घरी आणते. पाळीच्या दिवशीही मी गेले आहे. पहिल्या-दुसऱ्या दिवशी त्रास होत असेल तर तारीख बदलावी, त्यात कमीपणा काही नाही. मात्र आडोसा मिळणार नाही म्हणून पाणीच न पिणं, हे आपण बायका करतो, ते करू नका. मला एकदा त्यापायी गडावर भोवळ आलेली आहे.

एकटा_मुसाफिर · २२ सप्टेंबर, रात्री ९.१५

वेगळं मत मांडतो. पैसे भरून गटात जायची गरजच काय? लोकल, एसटी आणि पायथ्याचा वाटाड्या यांत सगळा सह्याद्री फिरता येतो. गटात माणूस पुढच्याचे बूट बघत चालतो, वाट शिकत नाही. मी पहिल्यापासून एकटा फिरलो.

घाटवाट · २२ सप्टेंबर, रात्री ९.५०

मुसाफिर, वाट शिकण्याबद्दल पूर्ण सहमत, एकट्याबद्दल नाही. पहिल्या वर्षात निदान तिघं-चौघं असावीत. एकाचा पाय मुरगळला तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदतीला खाली जातात. लोहगडासारख्या वर्दळीच्या गडावर मायलेकी गेल्या तरी काही बिघडत नाही. आडवाटेच्या गडाला मात्र वाटाड्या घ्यावाच.

रानजाई, वाट शिकायची तर आधी तिचे शब्द शिका, म्हणजे गावकऱ्यांनी सांगितलेलं कळेल. डोंगरातून खाली उतरत आलेला लांब उतार ती सोंड. तिचा माथा अरुंद असेल तर धार. दोन डोंगरांमधली बसकी जागा खिंड. कड्यातून पाण्याने कोरलेली अरुंद उतरंड ती नाळ, तिथे सगळे दगड सुटे. चढ आणि कडा यांच्या मध्ये सपाट पट्टा लागतो तो पदर. बारीक मुरूम किंवा सुटी माती साचलेला, पाय न ठरणारा उतार म्हणजे घसारा. "सोंडेनं चढा, खिंडीतून डावीकडं आडवं जा, पदरात आंब्याचं झाड लागंल" एवढ्यावर माणूस गडावर पोचतो.

पायथ्याचा · २३ सप्टेंबर, सकाळी ६.२०

राम राम. माझं घर गडाच्या पायथ्याला हाये, मावळात. वाट दाखवायचं आन जेवणाचं काम करतो. दोन गोष्टी सांगू वाटल्या.

ढोरवाटा. गुरं चरायला जात्यात त्यांच्या वाटा गडाच्या वाटेपरीस रुंद दिसत्यात. शहरातली मंडळी रुंद वाट बघून तिकडं वळत्यात आन कारवीच्या दाट झुडपांत जाऊन अडकत्यात. ढोरवाट फुटत फुटत जाती आन शेवटी गवतात विरती. गडाच्या वाटंला मात्र दगडावर झीज असती, कुठं खोदलेली पायरी, कुठं बाण. पाच-दहा मिन्टं खुणच दिसली न्हाई तर पुढं रेटू नका. जिथं शेवटची खुण दिसली होती तिथवर माघारी या. खाली गाव दिसतंय म्हणून सरळ उतरायला तर कधीच जाऊ नका. वरून कडा दिसत न्हाई.

दुसरं, जेवणाचं आदल्या दिवशी फोनवर सांगावं. आयत्या टायमाला वीस भाकरी होत न्हाईत. आन सांगून आला न्हाईत तर पिठलं वाया जातं. कुणी चुलीपाशी येऊन दोन शब्द बोललं की आमच्या घरातल्यांना लई बरं वाटतं.

आग्या मोहोळाखाली धूर, अत्तर, आरडाओरडा नको. उठलं तर तोंड झाकून लांब पळायचं, हात मारायचा न्हाई.

रानजाई · २३ सप्टेंबर, रात्री १०.३०

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. वाचून भीती कमी झाली असं नाही, पण आता ती कशाची आहे ते कळतंय. कळसूबाईला नाही म्हणून कळवलं. लोहगड ठरलं. पावसाळा संपताना, ऑक्टोबरात जावं का? बूट कोणते घ्यावेत?

घाटवाट · २३ सप्टेंबर, रात्री ११.१०

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सोनकी फुललेली असते, डोंगर पिवळा दिसतो, पण ऊन फार मारतं आणि कातळावर शेवाळ कुठे कुठे असतंच. नवख्याने नोव्हेंबरच्या मध्यानंतर जावं, फेब्रुवारीपर्यंत कधीही. भर पावसातला पहिला ट्रेक मी कुणालाच सांगत नाही. फोटोत तो सुंदर दिसतो. प्रत्यक्षात धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि ओढा वर पडलेल्या पावसाने क्षणात चढतो. २०२४ च्या जूनमध्ये लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ती माणसं ट्रेकलासुद्धा आलेली नव्हती, फिरायला आली होती.

बूट महाग नकोत, तळवा खाचांचा हवा. सह्याद्रीत कित्येक वर्षं लोक साध्या 'अ‍ॅक्शन'च्या बुटांवर फिरले आहेत. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ज्या मोज्यांवर घालणार ते घालून मापाला घ्या. नाडी न बांधता अंगठा पुढे टेकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं. नाहीतर उतरताना नखं पुढे आपटून काळी होतात. आदल्या दिवशी नखं कापा. नवे बूट थेट गडावर नेऊ नका, पंधरा दिवस घरी-बाजारात वापरा. जीन्स नको, भिजली की पायाला चिकटून जड होते.

पाणी माणशी तीन लिटर. ते जड वाटेल, तरी न्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही जलसंजीवनी एका बाटलीत. गूळ-शेंगदाणे, दशम्या, संत्री. विजेरी प्रत्येकीची वेगळी, दिवसाचा ट्रेक असला तरीही. घरी कागदावर लिहून ठेवा : कुठला गड, कुठल्या वाटेने, किती वाजेपर्यंत फोन येईल. अडचणीत ११२.

फिजिओ_मिरज · २४ सप्टेंबर, सकाळी ७.४५

सापाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. आपल्याकडचे मुख्य विषारी चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. दगडाच्या कपारीत हात घालण्याआधी बघा, तेवढ्याने बरंच टळतं. चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळणं यांतलं काहीही नको. माणसाला चालवू नका, तो अवयव हलू देऊ नका आणि प्रतिविष जिथे मिळेल त्या सरकारी रुग्णालयात शक्य तितक्या लवकर न्या.

रानजाई · २५ नोव्हेंबर, रात्री ९.००

जाऊन आलो! सगळं लिहिते, कारण विचारताना मला असंच कुणीतरी लिहिलेलं वाचायचं होतं.

रविवारी गर्दी असते म्हणून शनिवार धरला. मी, लेक, माझी धाकटी बहीण आणि भाचा. चिंचवडहून सकाळची लोकल, मळवलीला उतरलो, एक्स्प्रेस वे ओलांडून भाजे गाव. तिथून खरा चढ. घाटवाट, तुमची वीस मिनिटं मी घड्याळ लावून मोजली. सातव्या मिनिटाला लेकीला म्हणाले, मला नाही जमणार गं. ती म्हणाली, "आई, अजून तेरा मिनिटं आहेत." पंचविसाव्या मिनिटाला केव्हातरी लक्षात आलं की मी तिच्याशी शाळेबद्दल बोलते आहे आणि वाक्यं पूर्ण होताहेत.

गायमुख खिंडीत डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. लोहगडवाडीत चहा घेतला. मग पायऱ्या, गणेश दरवाजा, नारायण, हनुमान, महादरवाजा. वाट वळते तशी तटबंदी आपल्या अंगावर येते आणि मग कळतं की वर येणाऱ्यावर प्रत्येक वळणाला वरून नजर आहे. यंदा इतिहासाच्या तासाला लेकीला पुरंदरचा तह आहे. १६६५ च्या तहात हा गड मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये महाराजांनी परत घेतला, हे तिने मला महादरवाजाच्या उंबऱ्यात बसून सांगितलं. मी ते शाळेत पाठ केलं होतं. 'परत घेतला' म्हणजे हे दरवाजे आणि हा चढ, हे मला पहिल्यांदा समजलं.

विंचूकाट्याकडे, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेकडे, जाताना एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो. तिथे माझे गुडघे थरथरले. बहीण आणि भाचा गेले, मी नाही गेले. लेक माझ्याजवळ थांबली, तिला जायचं होतं तरी. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतंय. पण तिथून बसून ती सोंड, दोन्ही बाजूंची खोली आणि खाली पवना धरणाचं पाणी अर्धा तास बघितलं.

दीड वाजता ठरल्याप्रमाणे परत फिरलो. चढायला सव्वातीन तास लागले होते, उतरायला पावणेतीन. वाडीच्या खाली माझे पाय खरोखर लटपटायला लागले. फिजिओताईंचं वाचलेलं नसतं तर मी घाबरून बसले असते. पावलं लहान केली, बहिणीने काठी दिली, पोचले. डाव्या अंगठ्याचं नख काळं झालंय, बूट अर्धा नंबर मोठा हवा होता. दुसऱ्या दिवशी इमारतीचा जिना मी आडवी होऊन, एकेक पायरी उतरले.

मोगरा७, पाणी पूर्ण प्यायले. वाडीतल्या मावशींनी स्वच्छतागृह दाखवलं आणि वर चहाचे पैसे घेईनात.

मोगरा७ · २५ नोव्हेंबर, रात्री ९.४०

ताई, वाचताना डोळे भरून आले. नख पूर्ण बरं होईपर्यंत उतरणीचा ट्रेक नको. आणि तो कातळटप्पा तिथेच आहे, पुढच्या वेळी वरून कुणीतरी हात दिला की जमेल.

पायथ्याचा · २६ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

लई भारी, ताई. मावशींना पुढच्या वेळी एक फोटो कागदावर काढून न्या. मोबाइलातला न्हाई, कागदावरचा. लोक घेऊन जात्यात, आणून कुणी देत न्हाई.

रानजाई · २६ नोव्हेंबर, रात्री १०.१५

नेते, नक्की. भाच्याने काढलेला एक छान आहे, मावशी आणि लेक चुलीपाशी.

आता पुढचं विचारते. जानेवारीत राजमाची, लोणावळ्याकडून. वाट साधारण पंधरा किलोमीटर आहे पण चढ फारसा नाही, असं वाचलं. उधेवाडीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी राजमाचीचा श्रीवर्धन हा बालेकिल्ला बघायचा आणि त्याच वाटेने परत. आम्ही चौघंच आहोत. घाटवाट, त्या वेळी तिकडे येणार असाल, किंवा आणखी कुणी नवखं असेल तर इथेच कळवा. आम्ही हळू चालतो आणि थांबतो.